सार्वजनिक उपक्रमांचे संसदीय उत्तरदायित्व : एक चिकित्सा

१९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न लावून धरला. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निष्कर्ष न्या. छागला यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. १९६४ साली संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली. मात्र दैनंदिन प्रशासन तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. स्वायत्ततेचा हेतू रास्तच. परंतु समभागखरेदी हाही दैनंदिन व्यवहारच, असे म्हणण्यास वाव उरतो. पैसा विमेदारांचा असताना ही सीमारेषा व्यवस्थापनाने आखू नये. समितीची रचना शिकविताना तिची ही मर्यादाही विद्यार्थ्यांपुढे मांडणे अगत्याचे आहे.