क्रिकचा १९५८चा पेपर: चुका असूनही वाचावा असा

नेट-सेटची तयारी करणाऱ्या कुणालाही 'सेंट्रल डॉग्मा म्हणजे काय?' असं विचारून बघा. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, हे उत्तर तयारच असतं. पण हा शब्द आणणाऱ्या फ्रान्सिस क्रिकच्या मूळ पेपरातलं विधान वेगळं आहे. माहिती एकदा प्रथिनात उतरली की तिथून परत बाहेर येत नाही, एवढंच तो म्हणतो. इथे माहिती म्हणजे क्रम, न्यूक्लिओटाइडांचा किंवा अमिनो आम्लांचा. आरएनएपासून डीएनए बनणारच नाही, असं त्यात कुठेही नाही. त्यामुळे १९७०मध्ये टेमिन-मिझुतानी आणि बाल्टिमोर यांना रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज सापडलं, तेव्हा धक्का बसला तो पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या चित्राला. क्रिकने त्याच वर्षी 'नेचर'मध्ये लिहून हा खुलासा केला.

'ऑन प्रोटीन सिंथेसिस' हा तो पेपर. १९५७च्या सप्टेंबरात लंडनला दिलेलं व्याख्यान, १९५८मध्ये छापलेलं. पेपराचा जोर नव्या प्रयोगांवर नाही, विचारावर आहे. मग तुम्ही तो का वाचायचा? कारण कुठलं विधान कशाच्या आधारावर उभं आहे, हे क्रिक वाचकापासून लपवत नाही. न्यूक्लिइक आम्लातला क्रम प्रथिनातला क्रम ठरवतो, हे गृहीतक आणि डॉग्मा या दोन्हींना थेट पुरावा जवळजवळ नाही, हे तो स्वतःच सांगून टाकतो. विचार करायला उपयोगी पडतात म्हणून मांडतो, बस.

पेपरातला सगळ्यात भक्कम भाग म्हणजे अ‍ॅडाप्टरची कल्पना. आरएनएचा साचा अमिनो आम्लाला थेट ओळखेल, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याला पटत नव्हतं. मग मध्ये कुणीतरी दुभाषा हवा, आणि त्याला योग्य अमिनो आम्ल जोडणारं एन्झाइमही हवं. हॉगलंड आणि झामेक्निक यांच्या प्रयोगांतून हा दुभाषा खरंच हाती लागला, तो म्हणजे आजचा टी-आरएनए. मात्र क्रिकच्या मते अ‍ॅडाप्टर अगदी छोटा असायला हवा होता. प्रत्यक्षात टी-आरएनए साधारण ७५ ते ९० न्यूक्लिओटाइडांचा निघाला.

आता उणिवा. रायबोसोममधला आरएनए हाच प्रथिनाचा साचा, असं पेपर धरून चालतो. साचा वेगळा असतो आणि रायबोसोम हे नुसतं वाचणारं यंत्र, हे १९६१मध्ये एम-आरएनए सापडल्यावर कळलं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. १९५७मध्ये क्रिकने ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांच्यासोबत 'स्वल्पविराम नसलेला' कोड मांडला होता. ६४ त्रिकांतून यूयूयूसारखी एकाच अक्षराची ४ वगळायची, उरलेल्या ६०मधून प्रत्येक ३ मागे १ घ्यायचं. उत्तर बरोब्बर २०, म्हणजे अमिनो आम्लांइतकंच! इतकं सुंदर गणित चुकेल कसं? पण चुकलं. १९६१मध्ये निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी जिवाणूंच्या अर्कात नुसत्या यूंची साखळी घातली आणि फेनिलअ‍ॅलनिनची साखळी मिळाली. ज्या त्रिकाला कोडने निरर्थक ठरवलं, तेच पहिलं वाचलं गेलं.

तिसरी तक्रार 'डॉग्मा' या शब्दाबद्दल. पुरावा तुटपुंजा असलेल्या कल्पनेला असं भारदस्त नाव दिलं की लोक ती पाठ करतात, तपासत नाहीत. या शब्दाने डोकेदुखीच जास्त झाली, हे पुढे क्रिकनेही मान्य केलं.

हे सगळं मला जवळचं वाटतं, कारण माझ्या पहिल्या संशोधन-आराखड्यात अंदाज आणि निष्कर्ष एकाच सुरात लिहिलेले होते. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "यातलं तुम्हाला माहीत काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून तुमचा आराखडा लिहून झाला की पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: पाहिलेलं, अनुमान की नुसती आशा. क्रिक चुकला, पण कुठे चुकला हे इतरांना शोधता आलं, कारण या खुणा त्याने आधीच करून ठेवल्या होत्या.