बांबू : गवत, झाड आणि संहिता

कायद्याच्या भाषेला अलंकार वर्ज्य असतात, असे आपण गृहीत धरतो. आणि व्याख्या हा तर तिचा सर्वांत कोरडा भाग. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या शब्दाची मूळ व्याख्या पाहावी. ताड, बांबू, खुंट, झुडपे, वेत हे सारे तीत झाड ठरतात. बांबू तर वनस्पतिशास्त्रानुसार गवताच्या कुळातला. म्हणजे येथे एक रूपकच कार्यरत आहे. कवीचे रूपक वाचकाच्या संमतीवर जगते. या रूपकामागे वनरक्षक उभा असतो. झाड तोडले की इमारती लाकूड आणि त्याच्या वाहतुकीला परवाना, अशी अर्थांची साखळी या एका शब्दातून निघाली. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू भाडेपट्ट्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जात राहिला. सूप-टोपलीपुरत्या बांबूसाठी गावकऱ्याला मात्र निस्ताराच्या सवलतीकडे पाहावे लागले. (कायद्याची किती पुस्तके याच कागदावर छापली गेली असतील!)

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. जुनी व्याख्या तशीच होती. परस्परविरोधी अशा दोन संहिता एकाच वेळी प्रमाण ठरल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते २७ एप्रिल २०११ रोजी. मधला काळ हा अर्थनिर्णयनाचा झगडा होता. रॉबर्ट कव्हर यांनी १९८३ च्या निबंधात कायदा कथनांपासून वेगळा काढता येत नाही, असे मांडले. न्यायसंस्था एका समूहाचा कायदा प्रस्थापित करताना इतरांचे कायदे मारते, हेही त्यांनी सांगितले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘झाडा’तून वगळला गेला, पण तिचा रोख वनक्षेत्राबाहेरच्या लागवडीवर होता. तिला गोंडांच्या वाचनाचा विजय मानणे घाईचे होईल.

उलट दिशेची प्रक्रिया मला अधिक गुंतागुंतीची वाटते. २००८ च्या नियमांनी वृद्धांचे लेखनिविष्ट कथन हक्काचा पुरावा म्हणून स्वीकारले. मौखिक परंपरेला असे स्थान मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु कथन पुरावा होताच त्याचा साहित्यप्रकार पालटतो. गोंडीतून सांगितलेली आठवण मराठी अर्जात उतरते. ऋतू, देवस्थान, सांगणाऱ्याचे थांबणे गळून जाते आणि चतुःसीमा उरतात. मेंढ्याने अभ्यासगटांतून कायदा वाचला आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत जपली, म्हणून तेथे हे रूपांतर लादलेले वाटत नाही. अन्यत्र, जिथे अर्ज बाहेरच्यानेच भरला, तिथे तसे म्हणणे कठीण आहे. आपल्या समीक्षेने दावापत्र किंवा ग्रामसभेचा ठराव संहिता म्हणून क्वचितच वाचला आहे, ही उणीव येथे जाणवते.

मेंढ्याच्या दोन घोषणा शेजारी ठेवाव्यात. मराठीतली : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ पहिल्या अर्धात ‘आमचे’ हे स्वामित्वदर्शक विशेषण आहे. दुसऱ्यात ‘आम्ही’ आणि ‘सरकार’ यांत अभेद आहे, आणि ‘च’ने त्यावर शिक्का मारला आहे. गोंडीतली घोषणा आहे : ‘मावा नाटे, मावा राज.’ तिच्यात दिल्ली नाही, मुंबई नाही. राज्यसंस्थेशी बोलायचे असेल तेव्हा तिच्या भाषेत आधी तिची जागा मान्य करावी लागते; गोंडीत बोलताना तशी गरज पडलेली दिसत नाही.