आलेला पैसा पडद्यावर टिकत का नाही?

बाबूराव गणपतराव आपटे हल्ली सिनेमापेक्षा मीममध्येच जास्त भेटतो. तरी ‘फिर हेरा फेरी’ (२००६) एकदा सलग बघा असं मी म्हणेन. तुकड्यातुकड्यांत बघताना एक गोष्ट निसटते: हा सिनेमा श्रीमंतीला घाबरतो.

‘हेरा फेरी’ (२०००) संपतो तेव्हा घरमालक बाबूराव आणि त्याचे भाडेकरू राजू-श्याम यांच्या हाती घबाड लागलेलं असतं. रक्ताचं नातं नसलं तरी एव्हाना ते एक कुटुंबच झालंय. दुसऱ्या भागात ते बंगल्यात राहतात, पण दिग्दर्शक नीरज व्होरांना तिथे फार थांबायचं नाही. राजू पैसे दुप्पट करून देणाऱ्या स्कीमच्या नादी लागतो, बंगल्यासकट सगळं जातं आणि डोक्यावर गुंडांचं कर्ज घेऊन तिघं चाळीत येतात. खरा धुमाकूळ तिथून पुढे.

याच्याशेजारी ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ही अमेरिकी मालिका ठेवून बघा. जमिनीत तेल सापडल्यावर गरीब क्लॅम्पेट कुटुंब बेव्हर्ली हिल्समध्ये राहायला येतं आणि १९६२ ते १९७१ श्रीमंतच राहतं. बिलियर्डच्या टेबलावर जेवतं. आपण त्यांच्या रीतीभातींना हसतो आणि तितकंच त्यांच्या शिष्ट शेजाऱ्यांनाही. पैसा बुडत नाही, कारण तो सांभाळायला ड्रायस्डेल नावाचा बँकर शेजारीच राहतो, भले स्वतःच्या स्वार्थापोटी का असेना.

राजूला असा कुणी नाही. सिनेमा त्याला हावरट ठरवून मोकळा होतो. मला ते अपुरं वाटतं. पैसा आला, पण पैसेवाल्यांच्या ओळखी, सल्लागार, सावधपणा यातलं काहीच सोबत आलं नाही. दामदुप्पट योजना नेमक्या अशाच माणसांच्या शोधात असतात. अशा स्कीममध्ये बुडालेलं एखादं घर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीत निघेल. तिथे कुणी हसत नाही.

परेश रावलांचं टायमिंग आजही लाजवाब आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न गृहीतकाचा आहे: गरिबाकडे पैसा टिकणारच नाही, हे सिनेमा आधीच ठरवून टाकतो आणि आपणही बिनबोभाट मान्य करतो. शेवटी राजू पुलावर लटकलाय, मौल्यवान बंदुका पाण्यात टाकायच्या बेतात आहे आणि फोन वाजतोय. सिनेमा तिथेच थांबतो. त्याला थांबावंच लागतं. हे तिघं श्रीमंत होऊन तसेच राहिले, तर हसायचं कशावर, हे त्याला ठाऊक नाही.