तार आणि पॉप्लर यांच्यामधली हवा

टिलबर्गच्या गल्लीत मान वर केली तर विजेची तार दिसत नाही. नेदरलँड्सनं कमी आणि मध्यम दाबाच्या जवळजवळ सगळ्या वाहिन्या जमिनीखाली नेल्या आहेत. पावसाळ्याआधी खांबाखांबांवरून फांद्या छाटत जाणारा आपला लाईनमन इथल्या गल्लीत बेकार ठरेल. आभाळात उरल्या आहेत त्या बड्या वाहिन्या. गेरट्राउडेनबर्गहून आइंडहोव्हनकडे जाणारी, शहराच्या उत्तरेची 380 केव्हीची वाहिनी त्यांपैकी एक. तिच्या एका चित्राचा आस्वाद इथे घ्यायचा आहे.

हे चित्र कुणा चित्रकारानं काढलेलं नाही. ‘एएचएन’ हा नेदरलँड्सचा उंचीचा राष्ट्रीय नकाशा. विमानातून जमिनीवर लेझरचे झोत सोडायचे आणि परत आलेल्या प्रत्येक झोताचा एक बिंदू मांडायचा. 1996 साली काम सुरू झालं ते पाण्यासाठी, बंधारे आणि सखल जमीन मोजायला. तेव्हा अनेक चौरस मीटरमागे एखादाच बिंदू पडे. चौथ्या आवृत्तीत, 2020 ते 2022च्या उड्डाणांत, एका चौरस मीटरला दहा ते चौदा पडले. झाडं आणि तारा या चित्रात आगंतुक होत्या. पण चौथ्या आवृत्तीनं उच्चदाब वाहिन्यांना स्वतंत्र वर्ग दिला, म्हणजे पाहुण्यांना पाट मांडला. ते चित्र आज कुणालाही फुकट पाहता येतं.

बाजूनं पाहिलं की मनोरे बिंदूंच्या जाळीसारखे उभे दिसतात आणि दोन मनोऱ्यांमध्ये तारा सैल झोल घेतात. लेझरला तार सलग सापडत नाही, म्हणून रेघ तुटक येते. सर्वांत वरची बारीक भूतार तर मध्येच नाहीशी होते. झाडाचं उलट. काही किरण शेंड्यावर थबकतात, काही आतल्या फांदीवर, काही थेट मातीपर्यंत पोचतात, आणि झाड आतून भरलेलं दिसतं. टिलबर्गच्या ब्राबांत प्रांताचं ओळखीचं झाड म्हणजे पॉप्लर. इथे लाकडी जोड्यांसाठी ते मुद्दाम लावलं गेलं, आणि ते भराभर वाढतं. मात्र नजर खिळते ती शेंडा आणि तार यांच्यामधल्या काळ्या पट्टीवर, जिथे एकही बिंदू नाही. 380 केव्हीला फांदीचा स्पर्श लागत नाही. पुरेशी जवळ आली की वीज हवेतूनच झेप घेते. त्या पट्टीची जाडी हाच या चित्राचा विषय.

आणि इथेच चित्र फसवतं. एएचएनची उड्डाणं हिवाळ्यात होतात, कारण पानं झडलेली असली की जमीन नीट दिसते. त्या थंडीत तार आखडून वर गेलेली असते आणि झाडाचे बारीक शेंडे लेझरच्या हातून निसटतात. उन्हाळ्यात भारानं तापलेली तार मीटर-दोन मीटर खाली येते, त्यात पालवी आणि वारा. म्हणजे आपल्यासमोर असतो तो वर्षातला सर्वांत निर्धास्त क्षण.

14 ऑगस्ट 2003ला अमेरिकेतल्या ओहायोत काय झालं, ते या जागी आठवावं. 345 केव्हीच्या तीन वाहिन्या एकामागून एक झाडांना भिडल्या आणि अखेर अमेरिका-कॅनडातले सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. त्यांतल्या पहिल्या वाहिनीवर क्षमतेच्या फक्त 44 टक्के भार होता. तार फाजील लोंबली नव्हती, झाडं वाढू दिली होती. त्याच वर्षी 28 सप्टेंबरच्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या लुकमानियर वाहिनीनं एका झाडाकडे झेप घेतली आणि जवळजवळ सगळा इटली अंधारात गेला.

वीजकंपन्या अशी मोजणी स्वतः करवतात तेव्हा तारेवरचा भार, हवेचं तापमान आणि वारा हेही टिपून ठेवतात, मग गणितानं तार भर उन्हाळ्याच्या जागी उतरवून पाहतात. एएचएनमध्ये ही नोंद नाही. म्हणून माझा कौल असा: झाड आणि तार यांचं चित्र म्हणून ते अव्वल, पण कुठली फांदी आधी छाटायची हे ठरवायला एकटं अपुरं.