मांडी न मोजणारे माप

गुडघेबदल यशस्वी झाला, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? देशोदेशीचे निकाल ताडून पाहणाऱ्या लेखनात हा प्रश्न मागे पडतो. तिथे मुख्यतः दोन मापे वापरली जातात आणि दोन्ही तपासण्याजोगी आहेत.

पहिले माप नोंदवहीचे. स्वीडनने ती १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. बसवलेला सांधा पुन्हा बदलावा लागला का, हे ती पाहते. गरज पडताच दुसरी शस्त्रक्रिया मिळते, तिथे हे माप चोख आहे. पण परभणी जिल्ह्यातली एखादी बाई पहिल्याच खर्चाने खचून, दुखणे सोसत घरी राहिली, तर हिशेबात तिचा सांधा ‘टिकला’ असेच दिसेल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, पण रुग्णालयाच्या एकूण बिलावर नाही. शिवाय भारतातली शल्यविशारदांची नोंदवही ऐच्छिक आहे.

दुसरे माप ऑक्सफर्ड प्रश्नावलीचे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत बारा प्रश्न आणि जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस गुण आहेत. डॉक्टरऐवजी रुग्णाला विचारायचे, हा तिचा मोठेपणा. जिना, बाजारहाट, मोटारीतून उतरणे, गुडघे टेकून उठणे हे सारे त्यात आहे. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे मात्र नाही. खुरपणी, चुलीपुढची भाकरी, पंगत, कीर्तन, साधा संडास हे आपले जगणे जमिनीलगतचे. गंगाखेडच्या जनाबाईंची आठवणही जात्यापाशी बसलेल्या बाईचीच आहे. म्हणून इंग्लंडमधले चाळीस गुण आणि इथले चाळीस गुण एकच गोष्ट सांगत नाहीत.

यावर आक्षेप येईल: नव्या गुडघ्याने खाली बसू नका, असे डॉक्टरच बजावतात, मग विचारायचे कशाला? पण ही मनाईसुद्धा शस्त्रक्रियेचा परिणामच आहे. रात्रीची ठणक थांबली हा लाभ खरा, खुरपणीची मजुरी गेली हा तोटाही खरा. पहिला गुणांत येतो, दुसऱ्याला तिथे जागा नाही.

प्रश्नावली मराठीत आणून एवढ्याने भागणार नाही, तिच्यात इथले प्रश्न घालावे लागतील. आणि त्यांची उत्तरे संमतिपत्रावर अंगठा उमटण्याआधी त्या बाईला कळायला हवीत.