उमर इब्न सईद यांचे अरबी आत्मकथन : प्रस्तावना की गाभा?

अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांचा विषय निघाला की प्रथम फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्र समोर येते. चोरून अक्षर गिरवणारा गुलाम आणि त्या अक्षरातून स्वातंत्र्याकडे जाणारी वाट, हा त्या वाङ्मयाचा परिचित साचा होय. उमर इब्न सईद यांचे १८३१ सालचे पंधरा पानांचे आत्मकथन या साच्यात बसत नाही. अमेरिकेत उतरले तेव्हाच ते विद्वान होते, आणि लेखणी हाती असूनही ते अखेरपर्यंत गुलामच राहिले.

उमर यांचा जन्म १७७० च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतील फुता तोरो या प्रदेशात, म्हणजे आजच्या सेनेगलच्या परिसरात झाला. आपले बंधू शेख मुहम्मद सईद आणि अन्य दोन उस्ताद यांच्याकडे पंचवीस वर्षे शिकल्याचे ते नमूद करतात. १८०७ साली मोठ्या फौजेने त्यांच्या गावावर हल्ला केला, अनेकांना ठार केले आणि उमर यांना समुद्रापार विकले. दीड महिन्याच्या प्रवासानंतर ते दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदरात पोहोचले. तेथील क्रूर मालकाकडून ते पळाले, उत्तर कॅरोलायनातील फेएटव्हिल येथे पकडले गेले आणि तुरुंगवासानंतर जेम्स ओवेन यांच्या ताब्यात आले. १८२० च्या सुमारास त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ‘शेख हंटर’ असे संबोधलेल्या गृहस्थांच्या विनंतीवरून त्यांनी आपला वृत्तांत अरबीत लिहिला.

या वृत्तांताचा आरंभ जन्मकथेने होत नाही. प्रथम येते ती कुरआनची ६७ वी सूरह, तीस आयतींची ‘अल्-मुल्क’. जीवनवृत्त त्यानंतर सुरू होते. केवळ घटना शोधणारा वाचक या भागाला धार्मिक रिवाजाची प्रस्तावना समजून पुढे जातो. येथेच वाचन चुकते. रिवाजासाठी ‘बिस्मिल्लाह’ आणि दरूद पुरेसे होते. अख्खी सूरह लिहिणे ही निवड आहे.

या निवडीचा अर्थ मराठी वाचकाला शब्दकोशाशिवायही उमगावा. मुलूख, मालक आणि मिळकत हे मराठीत रुळलेले शब्द ‘मुल्क’च्याच धातूतून आलेले आहेत, गुलामवाचक ‘ममलूक’ हा शब्दही त्याच कुळातला. सर्व सत्ता व स्वामित्व अल्लाहच्या हाती आहे, हा या सूरहचा आरंभीचाच विषय. जो कायद्याने दुसऱ्याची मिळकत आहे, त्याने आपली कहाणी येथून सुरू करावी, हे लक्षणीय आहे. २०११ साली नवा इंग्रजी अनुवाद सिद्ध करणारे अला अलर्‌यस यांनीही या संबंधाकडे लक्ष वेधले आहे.

तथापि, यावरून उमर यांना छुपे बंडखोर ठरवणेही घाईचे होईल. याच पानांवर ते ओवेन कुटुंबाची मनापासून वाटावी अशी स्तुती करतात. ही स्तुती खोटी मानण्यास संहितेत आधार नाही. पण ती लिहिणारा माणूस ओवेन यांच्याच घरात, त्यांच्याच सत्तेखाली होता, हेही विसरता येत नाही. मालकाला अरबी येत नव्हते, परंतु मजकुराचे भाषांतर होऊ शकते याची जाणीव लेखकाला असणारच. म्हणून स्तुती आणि सूरह या दोहोंपैकी एक निवडून दुसरे गाळणे, हा टीकाकाराचा सोयीचा मार्ग ठरतो.

‘उमर शेवटी मुसलमान की ख्रिस्ती?’ या वादाचेही तसेच आहे. पूर्वी आपण फातिहा पढत होतो आणि आता येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो, असे सांगताना ते दोन्ही प्रार्थना पानावर उतरवतात. १८५७ सालच्या त्यांच्या एका अरबी लेखनावर, ही ख्रिस्ती प्रभूची प्रार्थना आहे, अशी इंग्रजी नोंद आहे. प्रत्यक्षात तो मजकूर कुरआनच्या ११० व्या सूरहचा, ‘अन्-नस्र’चा आहे. त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा या कागदावरून होत नाही. मात्र ज्यांना लिपी वाचता येत नव्हती त्यांनी त्यांच्याविषयी काय ठरवून टाकले होते, ते स्पष्ट दिसते.

आपण आपली भाषा आणि अरबी बरीच विसरलो आहोत, अशी क्षमायाचना उमर करतात. उर्दू-फारसी परंपरेशी परिचित वाचकाला ही कसर-ए-नफ्सी, म्हणजे लेखकाची रूढ नम्रता वाटेल. पण हस्तलिखितातील चुका पाहता ती वस्तुस्थितीही आहे. दोन तपांच्या गुलामीत व्याकरण झिजले. तरीही बालपणी पाठ केलेले तग धरून राहिले. त्यामुळे सूरहचे लेखन हाच त्यांच्या पंचवीस वर्षांच्या शिक्षणाचा उरलेला पुरावा ठरतो. शिकलेल्या माणसाच्या आयुष्यातून काय हिरावले गेले आणि काय हिरावता आले नाही, हे जीवनवृत्तापेक्षा त्या पानांतून अधिक कळते.

हे हस्तलिखित २०१७ साली वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने मिळवले आणि २०१९ साली संगणकावर सर्वांसाठी खुले केले. डग्लस यांच्या ग्रंथासोबत ते वर्गात वाचले जाण्यास आता अडचण नाही. मात्र ते पहिल्या पानापासून वाचले जावे. सूरह वगळून केलेले वाचन उमर यांच्या हालअपेष्टा सांगेल. त्यांचे शिक्षण त्यातून निसटलेलेच राहील.