सेंद्रिय अन्न : शिक्का आणि सत्त्व

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की पूर्वी चर्चा असायची ती ग्रीन कार्डाची आणि घरकर्जाच्या व्याजदराची. आता त्यात 'ऑरगॅनिक'ची भर पडली आहे. कोणी दूध फक्त ऑरगॅनिकच आणते, कोणी तूरडाळसुद्धा. आणि कोणी हे सारे श्रीमंतांचे चोचले म्हणून हसण्यावारी नेते. दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकताना जाणवते, की ज्या शब्दावरून वाद चालला आहे त्याचा कायद्याने ठरलेला अर्थ फारच थोड्यांनी पाहिला आहे. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, शेतीतली नव्हे, आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण एखाद्या दाव्याचा कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता भावनेवर, हे तपासण्याची सवय या दोन्हींनी लावली. त्या सवयीने या विषयाकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम शिक्क्याचा अर्थ. अमेरिकेत सेंद्रिय अन्नाविषयीचा कायदा १९९० साली झाला. त्याचे तपशीलवार नियम तयार व्हायला दहा वर्षे लागली आणि ऑक्टोबर २००२ पासून ते पूर्णपणे अमलात आले. पीक काढण्यापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीत निषिद्ध खते आणि औषधे पडलेली नसावीत, बियाणे जनुकबदल केलेले नसावे, गाईला प्रतिजैविके आणि वाढीची संप्रेरके दिलेली नसावीत, तिला चरायला कुरण मिळावे, अशी ती यादी आहे. पाकिटातल्या पदार्थात पाणी आणि मीठ वगळून किमान ९५ टक्के घटक या नियमांत बसले, तर त्यावर कृषी खात्याचा गोल शिक्का मारता येतो.

ही यादी लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात जवळजवळ सगळे काही आहे ते अन्न कसे पिकवले याविषयी. हातातल्या सफरचंदात काय आहे, याविषयी फारच थोडे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना दरवर्षी त्यांच्याकडच्या किमान ५ टक्के उत्पादकांचा माल प्रयोगशाळेत तपासावा लागतो, बाकीच्यांची मदार पाहणीवर आणि कागदपत्रांवर. आमच्या धंद्यातल्या वाचकांना आयएसओ ९००० आठवेल. कंपनी काम कसे करते, नोंदी कशा ठेवते, याचे ते प्रमाणपत्र. ते मिळवलेल्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ढेकूण नसतातच, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. ते प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. ते कशाचे आहे हे माहीत असावे, इतकेच. सेंद्रिय शिक्क्याचे नेमके तसेच आहे.

या पद्धतीचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट माळव्यात पोचतो. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी एक संशोधन संस्था चालवली आणि शेण, पालापाचोळा, काडीकचरा यांपासून खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. त्या विषयावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासोबत सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. येथील शेतकऱ्यांना हॉवर्ड आपले गुरू मानीत. पुढे पेनसिल्व्हेनियात जे. आय. रोडेल यांनी हॉवर्ड यांचे विचार उचलले, १९४२ मध्ये मासिक काढले, आणि अमेरिकेत या चळवळीचे रोप लागले. आज तिची वार्षिक उलाढाल साठ अब्ज डॉलर्सच्या वर गेली आहे. आपल्या आजोबांचा उकिरडा परदेशी जाऊन शिक्का मारून परत आला, असे म्हणून मान ताठ करायला हरकत नाही. फक्त त्या अभिमानात पुराव्याचा विसर पडू नये.

आता खाणाऱ्याचा फायदा. २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता मात्र त्यात कमी दिसली. २०१४ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आढाव्यात ३४३ अभ्यास होते. त्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये जास्त आणि कॅडमियम कमी आढळले. त्या फरकाने माणसाची प्रकृती किती सुधारते, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत तर दोन मोठे अभ्यास एकमेकांसमोर उभे आहेत. ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांची नऊ वर्षे पाहणी झाली. २०१४ च्या निष्कर्षानुसार सेंद्रिय खाणाऱ्यांत एकूण कर्करोगाचे प्रमाण कमी नव्हते. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार स्वयंसेवकांच्या पाहणीत, २०१८ साली, ते सुमारे २५ टक्के कमी दिसले. मात्र नेमाने सेंद्रिय घेणारा माणूस बहुधा जास्त शिकलेला, कमी सिगारेट ओढणारा आणि जास्त भाजी खाणारा असतो. हा परिणाम गणिताने वेगळा काढण्याचा प्रयत्न संशोधक करतात, पण तो शंभर टक्के निघतोच असे नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिअ‍ॅटल परिसरातल्या २३ शाळकरी मुलांचे नेहमीचे अन्न पाच दिवस बदलून सेंद्रिय दिले, तेव्हा त्यांच्या लघवीतले दोन कीटकनाशकांचे अंश जवळजवळ नाहीसे झाले, आणि जुने अन्न सुरू होताच परत आले. म्हणजे अन्नातून औषध शरीरात येते, ही कल्पना खोटी नाही. प्रश्न उरतो तो मात्रेचा. कृषी खात्याच्या दरवर्षीच्या तपासणीत ९९ टक्क्यांहून अधिक नमुन्यांतले अंश कायद्याच्या मर्यादेखाली असतात.

मात्रेचा हा विचार शेतातल्या औषधांनाही लागू पडतो. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हे समीकरण आपल्याकडे फार पक्के बसले आहे. सेंद्रिय शेतीतही फवारणी होते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण नवे नाही. ते सेंद्रिय नियमांत बसते. तांबे मात्र जमिनीत साठत जाते आणि गांडुळांना ते मानवत नाही. उलट प्रयोगशाळेत तयार झालेले एखादे औषध चार दिवसांत विघटन पावते. त्यामुळे वस्तू निसर्गातली की कारखान्यातली, यापेक्षा ती किती, कुठे आणि कोणाच्या पोटात जाते, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

आपल्या स्वयंपाकघरातली दोन उदाहरणे घ्या. भाताचे रोप जमिनीतले आर्सेनिक शोषून घेते. आर्कान्सा, लुइझियाना, टेक्सास येथील बरीच भातशेती पूर्वीच्या कापसाच्या जमिनीवर आहे, आणि तिथे दशकानुदशके आर्सेनिकयुक्त औषधे पडली. तीन वर्षे औषध न मारल्याने ते आर्सेनिक जात नाही. तेथील सेंद्रिय तांदळातही ते उतरते, आणि कोंडा न काढलेल्या तांदळात जास्त. भारत, पाकिस्तान आणि कॅलिफोर्नियातल्या बासमतीत ते तुलनेने कमी आढळले आहे. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात ते आणखी घटते. म्हणजे कोकणातल्या आजीची भात वेळण्याची रीत इथे शिक्क्याहून अधिक कामाची. दुसरे उदाहरण हळदीचे. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिसेयुक्त रंग मिसळला जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. शिसे पकडायला प्रयोगशाळा लागते. शेतावरच्या नोंदवहीतून ते दिसत नाही.

शिवाय शिक्काच खोटा असला तर? मिझूरी राज्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे साधा मका आणि सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकले. हा व्यवहार १४ कोटी डॉलर्सच्या पुढचा होता. २०१९ साली त्याला दहा वर्षांहून अधिक कैद झाली. त्यानंतर सरकारने २०२३ मध्ये कडक नियम जाहीर केले, जे मार्च २०२४ पासून लागू आहेत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हे सारे थोतांडच की! तसा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आपण आतापर्यंत फायदा शोधला तो जेवणाच्या ताटात. तो शोधायला हवा होता शेताच्या बांधावर.

कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात अमेरिकेची लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी पिकते. तिथल्या प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांची बर्कली विद्यापीठाने १९९९ पासून पाहणी सुरू केली. ज्या मातांच्या शरीरात ऑर्गनोफॉस्फेट औषधांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. हे निष्कर्ष २०११ सालचे. आणि आपल्या यवतमाळची गोष्ट तर विसरण्यासारखी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, ना मुखवटा ना हातमोजे अशा अवस्थेत, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर त्या एका जिल्ह्यात विषबाधेने दगावले. शेकडो इस्पितळात पडले. आपल्या ताटात जे अब्जांशाच्या हिशेबात मोजावे लागते, ते त्यांच्या अंगावर ओतले जात होते. सेंद्रिय शेतीचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला इथे दिसतो, आणि आपल्या गप्पांत तो जवळजवळ कधीच ऐकू येत नाही.

याच बांधावर उभे राहिले की दुसरी बाजूही दिसते. पिकाला नत्र लागतो. हवेतल्या नत्रापासून कारखान्यात खत करण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली उत्पादनात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या दर पाच माणसांपैकी दोघांचे अन्न या नत्रावर उभे होते, असा व्हाक्लाव स्मिल या अभ्यासकांचा हिशेब आहे. हा नत्र शेणखतातून, तागातून, तुरी-हुलग्याच्या फेरपालटातून आणता येतो, पण त्याला जमीन लागते, जनावरे लागतात आणि वेळ लागतो. 'नेचर'मध्ये २०१२ साली आलेल्या आढाव्यानुसार सेंद्रिय पिकांचे उत्पादन, पीक आणि परिस्थितीनुसार, ५ ते ३४ टक्क्यांनी कमी येते. तेवढेच धान्य हवे तर जास्त जमीन नांगराखाली आणावी लागते. ती जंगलातूनच येणार.

श्रीलंकेत हा प्रयोग सक्तीने झाला. २०२१ च्या वसंतात सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचे एक कारण होते. भाताचे पीक घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, चहाच्या मळ्यांनाही झळ बसली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. आपल्यापैकी ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, मिलोच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी खाल्ली आहे, त्यांना धान्य कमी पडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. खताच्या पोत्याला सरसकट विष म्हणणे पोट भरलेल्यालाच परवडते.

गेल्या गणेशोत्सवात एका तरुण आईने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, मी साधी स्ट्रॉबेरी मुलीला देते, तर तिचे काही वाईट तर करत नाही ना?" तिच्या मैत्रिणींनी तिला इतके घाबरवले होते, की महाग परवडत नाही आणि स्वस्त देववत नाही, म्हणून घरात फळच कमी येऊ लागले होते. मला वाटते, या शिक्क्याचा खरा तोटा हा आहे. फळे आणि भाज्या भरपूर खाण्याचे फायदे सिद्ध झालेले आहेत. त्या सेंद्रिय असण्याचा जादा फायदा अजून तितका सिद्ध नाही. अनिश्चित लाभापायी निश्चित लाभ सोडणे हा कुठल्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार. मी तिला सांगितले, वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे आणि मुलीला पोटभर द्यावे.

ज्यांना परवडते त्यांनी काय करावे? घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर जी फळे सालीसकट खाल्ली जातात तेवढी सेंद्रिय घ्यावीत. केळी, कांदे, अ‍ॅव्होकाडो यांवर जादा पैसे घालू नयेत. सेंद्रिय बिस्किटे ही शेवटी बिस्किटेच. त्यांतली साखर शिक्क्याने गोड कमी होत नाही. उन्हाळ्यात गावच्या शेतकरी बाजारात जावे आणि विकणाऱ्यालाच विचारावे, की तू काय फवारतोस, केव्हा फवारतोस आणि तुझ्या मजुरांना हातमोजे देतोस का. प्रमाणपत्राचा खर्च न झेपणारे अनेक छोटे शेतकरी या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देतात.

महाराष्ट्रात गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तो याच वृत्तीने. शेतकऱ्याने आपल्या वाफ्यात प्रयोग करावा, मोजावे, नोंदवावे आणि शेजाऱ्याला सांगावे. त्यात रासायनिक विरुद्ध सेंद्रिय असा सोवळ्या-ओवळ्याचा तंटा नव्हता. डोळे उघडे ठेवून कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त पिकवण्याची जिद्द होती. शेणखत आणि फेरपालट यांनी जमिनीचा कस राखावा, त्यात मोजका युरिया घालावा, औषध शेवटचा उपाय म्हणून आणि अंग झाकून मारावे, असा मध्यम मार्ग बहुतेक कृषिशास्त्रज्ञांना मान्य आहे. दुकानात मात्र त्याला शिक्का नाही आणि म्हणून गिऱ्हाईकही नाही.

तेव्हा वाचकहो, सेंद्रिय जरूर घ्या, पण ते आपल्या आयुष्यात किती वर्षे वाढवील याचा हिशेब मांडत बसू नका. त्या जादा डॉलरचा लाभ झालाच तर बहुतेक करून तो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकून काम करणाऱ्या एका बाईच्या पोटातल्या बाळाला होणार आहे. एवढे कारण पुरेसे वाटत असेल, तर डॉलर सत्कारणी लागला म्हणायचा.